बारा नंबरचा कॅमेरा

हे खरं आहे. तुम्हाला खोटं वाटलं तर वाटू द्या, मला कुणाचा दाखला नको. माझ्या घरावर काय बेतलं ते मला माहीत आहे.

गेल्या वर्षीचा मार्च. सोमवार. दुपारचे चार.

जंगल आमच्याच भागातलं, बिदर आणि कलबुर्गीच्या हद्दीवर. नाव सांगत नाही, पोट आहे माझं त्याच्यावर. पावसाळ्यात नदी सगळीकडं पसरते, आणि पाणी ओसरलं की माणूस बुडेल एवढं गवत वाढतं. त्यात वाघ आहे. त्याच्यासाठीच सफारीच्या जीपा भरून येतात.

सोमवारी सफारी बंद. त्या दिवशी आम्ही वॉचर, म्हणजे जंगलाचे राखणदार, कॅमेऱ्यांची कार्डं बदलतो. हे कॅमेरे झाडाला गुडघाभर उंचीवर बांधलेले असतात. समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघतो. कार्ड बदललं की एकानं वाघासारखं रांगत समोरून जायचं. लाल दिवा लुकलुकला, म्हणजे कॅमेरा चालू.

बरोबर माझा मेहुणा होता, बालाजी. दुबलगुंडीचा. दोन लेकरांचा बाप, पण भलता थट्टेखोर. मीच त्याला कामाला लावलं होतं. निघताना माझी बायको अंबिका म्हणाली, "एकटाच भाऊ हाय माझा. नजरंआड करू नका."

बारा नंबरच्या कॅमेऱ्याचं जुनं कार्ड मी खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यात लावून बघितलं.

हरणं. रानडुकरं. वाघाची नुसती शेपटी.

मग... माणूस.

रांगणारा माणूस. खाकी शर्ट. बुधवारी दुपारी, सव्वातीनला. त्या दिवशी तिकडं कुणी गेलंच नव्हतं.

पुढच्या फोटोत तो जवळ आला होता. त्याला डावा हात नव्हता...

रेवणप्पा! आमचा जुना वॉचर. दीड वर्षापूर्वी याच गवतात वाघानं त्याला फाडलं होतं. बाकी सगळं सापडलं, डावा हात तेवढा नाही. मीच त्याला पोत्यात भरलं होतं.

"कोण हाय ह्यो दाजी?" बालाजी मागून डोकावला. "रांगायलाय कामून?"

"लाकूडचोर असंल. चल, आवर."

खोटं बोललो. खरं सांगितलं असतं तर तो पळाला असता, आणि राहिलेले सात कॅमेरे मला एकट्याला करावे लागले असते. थू माझ्या अकलेवर!

"माझा गुडघा दुखायलाय," मी म्हणालो. "तूच रांग."

"व्हय, म्हातारे झालाव आता तुमी."

हसत, खोटी डरकाळी फोडत तो रांगत गेला. लाल दिवा लुकलुकला.

तो गवताच्या कडेला पोचला.

दिवा परत लुकलुकला...

कॅमेऱ्यासमोर कुणीच नव्हतं.

परत. परत.

झाडावर होले घुमत होते, ती पाखरं गप्प झाली.

"बालाजी, ऊठ! माघारी ये!"

"आलो की. कामून वरडायलाव..."

आणि तो गवतात ओढला गेला.

मी धावलो. त्याचे दोन्ही हात धरले. पलीकडून कुणीतरी पाय ओढत होतं.

"दाजी, खायलाय! मला खायलाय!"

मांस फाटताना ओलं फडकं फाडल्यासारखा आवाज आला. गरम रक्त माझ्या तोंडावर उडालं. एका हातानं मी काठी उचलली आणि गवत बडवलं. काठी कशालाच लागली नाही. गुरगुर नव्हती, वाघाचा वास नव्हता. फक्त चावण्याचा आवाज...

मग एकदम सुटलं.

पोटरी हाडापर्यंत गेली होती. नदीकाठच्या ओल्या मातीत वाघाचा एकही ठसा नव्हता. माणसाच्या पंजाचे होते, ओळीनं. सगळे उजव्या हाताचे.

बिदरच्या दवाखान्यात त्याचा पाय कापला. बालाजी वाचला, पण बोलत नाही. मला बघितलं की किंचाळतो.

डॉक्टरांनी आम्हा नवरा-बायकोला बाहेर बोलावलं.

"हे वाघाचे दात नाहीत. माणसाचे आहेत."

अंबिका माझ्या हनुवटीवरच्या वाळलेल्या रक्ताकडं बघत राहिली.

"तिथं तुमच्याबिगर दुसरं कोण व्हतं?"

मी सगळं सांगितलं. पण ते जुनं कार्ड त्या झटापटीत गवतात पडलं, नवं कॅमेऱ्यातच राहिलं. आणायला जायची कुणाची हिंमत नाही. माझीही नाही.

आता मी जेवायला बसलो की अंबिका लेकरांना उचलते आणि बाहेर जाऊन बसते.