ऐंशी अंशांवरचं भूत

"माझा नवरा झोपला न्हवता, सायेब," गोजाबाई म्हणाली. बस म्हटलं तरी बसेना. "पर समदी दापोडी म्हनती, भिमाजी ड्यूटीवर झोपला, केटल तापू दिली, सोता मेला आन् दोघांना भाजवलं."

खासगी तपासनीस आबाजींनी सोबती हिंदुरावाकडे पाहिलं. हिंदुरावानं खिडकीबाहेर पाहिलं. भिमाजी चिंचवडच्या रंगाच्या कारखान्यात होता, आणि त्या कारखान्याचं नाव निघालं की हिंदुराव विषय बदलायचा. केटल म्हणजे राळ शिजवायचं अजस्र बंद भांडं. स्फोटानंतर नवी बसवली, पण कामगार तिच्याकडे फिरकेनात. भिमाजी आत कण्हतो म्हणे. काम अडलेलं, म्हणून मालकानं तपासाला लगेच होकार दिला.

शेडमध्ये भरदुपारी चिटपाखरू नव्हतं. आबाजींनी बॉयलरवाल्याला सांगून माल भरलेल्या नव्या केटलभोवती वाफ सोडायला लावली. तापमानाचा काटा ऐंशीकडे सरकला आणि आतून कुणाचा तरी घसा दाटल्यासारखा आवाज उठला.

"चला इथून," हिंदुराव कुजबुजला. "हा माणसाचाच आवाज आहे."

"माणूस नेमका ऐंशीलाच कण्हतो का रे?" आबाजींनी वाफ बंद करवली. आवाज विझला, तरी हिंदुरावाच्या कानातून जाईना.

स्टोअरकीपर सोपानराव कानाला हात लावून बोलला. "राळ पातळ करायच्या टोल्यूइनची पिंपं माज्याच ताब्यात व्हती, व्हय. त्याच गाडीतनं आलेली काही अजून सीलबंद हायेत. सायबांनी पास केल्याबिगर म्या एक बी देत न्हाई."

साहेब म्हणजे केमिस्ट विलास. डोळ्यांखाली काळं.

"तपासूनच पास केली," तो म्हणाला. "हे उष्णता-विश्लेषणाचं यंत्र बघा. बारीक भोकाच्या झाकणाखाली दोन थेंब तापवायचे. द्रव उकळला की कागदावरचं पेन खाली गोता खातं. तोच उत्कलनांक. टोल्यूइन एकशे दहा पूर्णांक सहाला उकळलं, दशांशासकट पुस्तकाप्रमाणे."

"आकड्यात काही दुरुस्ती?"

"काडीची नाही. नंतर भेसळ झाली असेल, तर सोपानरावाला विचारा."

टेबलावर पाणी खळखळत होतं. आबाजींनी त्यात थर्मामीटर बुडवला. अठ्ठ्याण्णव.

"मोडका दिसतोय," हिंदुराव म्हणाला. आबाजींनी दुसरा बुडवला. तोही अठ्ठ्याण्णवलाच थांबला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. सर्वांदेखत सीलबंद पिंप फोडून दोन थेंब यंत्रात ठेवले. पेन सरळ चाललं होतं. ऐंशीला येताच त्यानं गोता खाल्ला.

"हे तुमचं भूत," आबाजी म्हणाले. "टोल्यूइनमध्ये हलकं, स्वस्त तेल मिसळलंय. ते लवकर उकळतं; नव्या केटलमध्ये कण्हतं ते तेच. भिमाजीनं नेहमीसारखाच ताप दिला, पण वाफ आधीच उसळली आणि झाकण उडालं."

"म्हणजे सोपानरावानंच!" विलास ओरडला.

"सील आत्ता तुमच्यासमोर तुटलं. माल आला तोच भेसळीचा."

"पण मी मोजलं तेव्हा..."

"मोजलंच नाहीत. पाणी शंभरला उकळतं ते समुद्रकाठी. आपण घाटावर. हवेचा दाब कमी, म्हणून इथे ते अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. शुद्ध टोल्यूइनसुद्धा इथे एकशे आठच्या आसपास उकळायला हवं. दुरुस्तीशिवाय पुस्तकातला आकडा या यंत्रातून निघणारच नाही. तुम्ही यंत्र लावलं नाहीत, पुस्तक उघडलंत."

विलासनं यंत्र बंद केलं. "नेहमीचा व्यापारी, नेहमीचा माल. म्हटलं, काय तपासायचं? आता घरात चहाचं आधण ठेवलं तरी तो कण्हतो." त्यानं दारातल्या गोजाबाईपुढे हात जोडले. "भिमाजी झोपले नव्हते."

"त्ये मला ठाव हाय," ती म्हणाली. "मला नगा सांगू. आमच्या आळीत चला, आन् तितं मोठ्यानं सांगा."

संध्याकाळी दापोडीत शिफ्ट सुटलेली माणसं जमली. विलास आधी घोळक्याच्या मागेच उभा राहिला. हिंदुरावाला त्याची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

"भिमाजी जागे होते," विलास अखेर म्हणाला. "झोपलो होतो तो मी."

मग गोजाबाई उंबऱ्यावर बसली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच तिनं हंबरडा फोडला.