बसू नका, पाय धरतात

चणे आदल्या रात्री भिजत घालावे लागतात. एका माणसाला एक मूठ. सकाळी आठवलं तर उपयोग नाही.

*

अकोल्याच्या माणसाला ऊन कसं आहे असं विचारू नये. तो अभिमानानं सांगतो.

*

त्या वर्षांत आमच्याकडच्या पेपरात पहिल्या पानावर रोज एक चौकट असायची. जीव दिलेल्या शेतकऱ्याचं नाव, वय, गाव. मी पेपर मागून उघडायची, खेळाच्या पानापासून. तिथं हरलेला माणूस निदान पुढच्या आठवड्यात परत दिसायचा.

*

चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत. माहीत नसेल तर साधी झुडपं वाटतात.

*

वऱ्हाडात पहाटे पळणाऱ्याला लोक एकच विचारतात, "भरती कधी हाय?"

*

मी दीपमाला. अमरावतीत चौथीच्या वर्गाला शिकवते. मला काळजी करायची सवय आहे. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, आपण मघाशी जे बोललो ते त्यांना लागलं तर नसेल... पळताना तेवढं थांबतं. म्हणून मी पळते. दुसरं काही कारण नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत अकोल्याला इंदूमावशीकडे आले होते. मावशी म्हणायची, "सुटीत माणसं झोपतात. तू पळते. कोणी मागं लागलं काय, पोरी?"

तेव्हा तरी कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मैदानावर बरगडीखाली अशी कळ आली की मी पोट धरून खालीच—

"ओ मॅडम! बसू नका. बसलं की पाय धरतात."

वर पाहिलं. घामानं चिंब बनियन, उन्हानं रापलेला चेहरा. डोळे मात्र सावलीत ठेवल्यासारखे.

"उठा. चाला मायासोबत. हात वर करा. आणखी वर. एसटीत जागा धरता तसे."

मला हसू आलं. हसले तर कळ वाढली.

"भरती हाय नं?"

मैदानभर पोरं पळत होती. खेड्यापाड्यांतून आलेली, काही अनवाणी. सगळी पोलीस भरतीसाठी. प्रत्येकाच्या मागे घरी कोणीतरी वाट पाहत असणार. त्या सगळ्यांच्या मधोमध उभं राहून कसं सांगू, की मी आपली... हौस म्हणून?

"हं," मी म्हटलं.

एवढंच.

त्यानं रुमाल सोडला. भिजवलेले चणे, गुळाचा खडा. माझी ओंजळ भरली.

"तुम्हाला कमी पडतील."

"नाही पडत. सुगत म्हणतात मले. मूर्तिजापूरच्या बाजूचा. तुमी?"

"अमरावती."

"अर्रर... मंग कठीण हाय. गिला वडा खाऊन झोपणारी माणसं तुमी."

"आणि तुम्हाला ऊन पळवतं. तुमचं त्यात काय कौतुक?"

तो थांबला. मग इतका हसला की पळणारी पोरं वळून बघायला लागली.

*

"नाकानं श्वास घ्या. तोंडानं सोडा. आन् बोलू नका."

"बोलताय तर तुम्ही."

"मी शिकवून राहिलो."

"मीही शिकवते. चौथीला. ती पोरं तुमच्यापेक्षा कमी बोलतात."

"मंग त्याइले चणे देत जा."

रोज पहाटे असं. तो बाहेरच्या बाजूनं पळायचा, आतली बाजू मला. कडुनिंबाखालून जाताना दोन सावल्या एक व्हायच्या आणि पुन्हा वेगळ्या. मी त्या सावल्यांकडे बघायची नाही. म्हणजे... बघायची.

संध्याकाळी उन्हाळी कबड्डी असायची, जिल्ह्याजिल्ह्यांचे संघ. मावशी सोबत यायची आणि आमच्या दोघांपेक्षा मोठ्यानं ओरडायची. अकोल्याचा मुजम्मिल चढाईला निघाला की तिचा पदर कुठे, चप्पल कुठे.

"नाही झाली भरती तर?" एकदा मी विचारलं.

"पुढल्या वर्षी वयात बसत नाही. मंग पुण्याले, कोणाच्या तरी गेटवर."

"घरची शेती?"

"पेपर वाचत नाही काय तुमी?"

वाचते. मागून.

*

मे महिन्याच्या मध्यावर मावशीची सहल निघाली, चिखलदऱ्याला. सुगत म्हणाला, "चढावर पळा. छाती वाढते. परत आल्या की मले मागं टाकान."

चिखलदऱ्याची सकाळ... चक्क गार! मी एकटीच चढावर पळत होते. मनातल्या मनात बाहेरची बाजू मोकळी ठेवून. मागून दोन पोरं आली आणि वाऱ्यासारखी पुढे गेली. वळणावर पाणी पीत थांबलेली सापडली.

"ताई, भरती?"

"तुम्ही इतकं जोरात... रोज?"

"जीव जाईस्तोवर," एकजण म्हणाला. "हळू पळलं की पाय हळूच शिकतात. मंग ऐन वेळी ऐकत नाही."

ती गेली. मी कॉफीच्या झुडपांपाशी उभी राहिले. घाम गार पडत गेला.

सुगत कधीच मला मागे टाकत नव्हता.

रोज पहाटे तो माझ्या चालीनं पळत होता. मला शिकवायचं म्हणून. मी परीक्षेला बसणार म्हणून. आणि त्याचे पाय रोज, माझ्या शेजारी, हळू पळायला शिकत होते.

*

सांगायचं. उद्या सांगायचं.

सांगितलं तर— "आमच्या पोटाचा प्रश्न आन् तुमची गंमत?" असं म्हणाला तर?

नाही सांगितलं तर पुणे. गेट.

सांगायचं.

दुसऱ्या पहाटे अकोल्याच्या मैदानावर तो म्हणाला, "चढावरनं आल्या, तरी हळूच?" आणि मी हसले. मला माझाच राग आला.

*

अंतिम सामना अकोला आणि अमरावतीचा. मैदानावर सुगत म्हणाला, "पैज लावता? अमरावती हरली तर तुमी एक खरं सांगाचं. अकोला हरलं तर मी."

"लावली."

जन्मात पहिल्यांदा मी माझ्या गावाच्या विरुद्ध बसले. हर... हर ना ग अमरावती. हरलीस तर मला बोलावंच लागेल. मावशीनं माझ्या पाठीत थाप मारली, "शाब्बास! शेवटी अकोल्याची झाली पोरगी!" सुगतनं तेव्हा माझ्याकडे पाहिलं.

शेवटची चढाई मुजम्मिलची. गुण बरोबरीत. त्यानं मधल्या गड्याला शिवलं, वळला, रेषेकडे झेप घेतली... बोटं रेषेच्या अलीकडे वीतभर. घोट्याला अमरावतीचा हात.

अमरावती जिंकली.

मावशी मटकन खाली बसली. सुगत माझ्याकडे वळला, कान लाल झालेले. "हरलो. आता ऐका, मले—"

"थांबा. आधी मी."

"पण तुमी तर जिंकल्या."

"मी भरतीला बसत नाहीये. कधीच नव्हते. माझी शाळेची नोकरी पक्की आहे. तुम्ही माझ्यामुळे हळू पळताय, सुगत, आणि मी रोज... गप्प राहिले."

बाजूला फटाक्यांची लड फुटली.

"मंग काहून पळता?"

"बरं वाटतं म्हणून."

"बरं वाटते म्हणून," तो म्हणाला. दुसऱ्या कोणाच्या घरातली वस्तू हातात घेऊन बघावी तसा. मग ती खाली ठेवावी तसा उठला आणि गर्दीत गेला.

त्याचं खरं तसंच राहिलं.

*

दुसऱ्या पहाटे तो पोरांबरोबर पळत होता. माझ्या बाजूनं गेला, बघितलंही नाही.

पण काय गेला! अगं आई... हा असा पळतो? महिनाभर हे सगळं आवरून माझ्या शेजारी ठेवलं होतं यानं? मला रडू येत होतं, आणि फेरी संपली की पुन्हा तो येईल म्हणून मी डोळे पुसून वाट पाहत होते.

आठवडाभर असंच. मग एका सकाळी मी बसायची त्या दगडावर रुमाल दिसला. आत मूठभर चणे. तो मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होता, पाठ करून.

मी सगळे खाल्ले. रुमाल धुऊन ठेवला. बोललो नाहीच.

*

भरतीचा दिवस. जूनचं ऊन, तारेचं कुंपण, बाहेर आयाबाया आणि त्यांच्यात मी. पाच किलोमीटर. सुगत पहिल्या फेऱ्यांत पुढे होता. मग मधे. मग मागे. ऐकतील का पाय? ऐकतील ना? शेवटून दुसऱ्या फेरीत, माझ्यासमोरच त्यानं बरगडी धरली. वाकला. गुडघा जमिनीला लागला—

"बसू नको!" मी तारेला धरून किंचाळले. "सुगत, बसू नको! पाय धरतात! हात वर कर!"

सगळ्या आयाबाया माझ्याकडे बघू लागल्या. बघू देत.

त्यानं हात वर केले. एसटीत जागा धरतात तसे. चार पावलं चालला. आणि मग पळाला, महिनाभर माझ्या शेजारी राहून गेलेलं सगळं एकदम परत घ्यावं तसा.

बऱ्याच वेळानं कुंपणाशी आला. ओठ पांढरे पडलेले.

"मघाशी कोणाले म्हटलं, बसू नको?"

"तुला."

"तुमीवरून एकदम तू?"

"परत तुम्ही म्हणू का?"

"खबरदार." त्यानं तारेतून बोटं घातली. माझ्या बोटांच्या जवळ... जवळच. "पैजेचं एक खरं राहिलं होतं मायं."

"मग सांग ना. माझा जीव चाललाय."

"तू आवडते मले. त्या दिवशी हेच सांगत होतो, तू मधेच बोलली." मग म्हणाला, "नाव लागलं तरी. नाही लागलं तरी."

"लागेल रे."

"आन् दीपमाला... मीही पळून पाहीन एकदा. बरं वाटते म्हणून."

पंधरवड्यानं निवड यादी लागली. त्याचं नाव होतं.

*

हे त्यानं नंतर सांगितलं: त्या पहिल्या सकाळी, मला कळ यायच्या आधी, त्याच्या रुमालात आदल्या रात्रीच भिजवलेले दोन मुठी चणे होते.