बंबाचं धुराडं

"'अनाकलनीय' म्हणजे काय गं ताई?" ढब्बूनं हॉटेलच्या काउंटरवरची तक्रारवही उघडली होती.

"ज्याचं कारण कळत नाही ते," गिरकी म्हणाली. "ठेव ती वही! व्यवस्थापककाका ओरडतील."

गिरकी, तिचा धाकटा भाऊ ढब्बू आणि जाड चष्म्याचा मामेभाऊ दुर्बीण सुटीत मावशीकडे आले होते. मावशी या हॉटेलातल्या चादरी-टॉवेल धुण्याचं काम बघायची.

"कळत नाही, की कुणी बघतच नाही?" दुर्बिणीनं वहीत नाक खुपसलं. "गणित सुटतं, कोडं उलगडतं, शंकेचं निरसन होतं, भांडणावर तोडगा निघतो. काका मात्र नळ गळला की 'सुटण्याजोगे' लिहितात आणि बाकी सगळं अनाकलनीय! हे बघ, १०४, डोकेदुखी. २०४, मळमळ. ३०४, चक्कर. तिन्ही सोमवारनंतरच्या!"

गिरकीनं आकडे पुन्हा वाचले. "अरे, या खोल्या तर एकावर एक आहेत!"

तेवढ्यात व्यवस्थापककाका आले. गिरकीनं सांगायला तोंड उघडलं, तर ते खेकसले, "लोक अरबटचरबट खातात आणि नावं आम्हाला! पळा, खेळा जा!"

पोरं पळाली, पण खेळायला नाही. १०४च्या खाली काय आहे? मावशीची धुलाईखोली! तिथल्या गॅसच्या बंबाचं धुराडं याच भिंतीतून थेट गच्चीवर जात होतं. तिघं धापा टाकत जिने चढले.

गच्चीवर रंगारीदादा भिंतीला पांढरा रंग देत होते. धुराड्याच्या तोंडावर पत्रा होता आणि पत्र्यावर चार विटा!

"दादा, हे कुणी झाकलं?"

"मीच, सोमवारी. वाफेनं ओला रंग खराब होत होता. व्यवस्थापकसाहेब म्हणाले, झाकून टाक."

दुर्बीण पांढराफटक पडला. "मग बंबाचा विषारी वायू जातो कुठे? त्याला तर वासही नसतो!"

गिरकीला एकदम आठवलं. मावशीचं डोकं सकाळपासून ठणकत होतं आणि तरीही ती कामावर गेली होती!

"मावशी!" किंचाळतच ती जिन्याकडे धावली. "दादा, पत्रा काढा आणि खाली या!"

धुलाईखोलीचं दार बंद होतं. काचेतून फक्त मावशीची एक चप्पल आणि पालथा पडलेला हात दिसला. गिरकी आत धावणार, तोच दुर्बिणीनं तिचा दंड धरला. "आत नको! आपणही पडू! आधी गॅस!"

बाहेरच्या भिंतीवरचा कॉक त्यानं फिरवला. गिरकीनं काठीनं खिडकीच्या काचा फोडल्या. खळ्ळकन आवाज झाला! मागोमाग आलेल्या रंगारीदादांनी तोंडाला ओलं फडकं बांधलं, श्वास रोखला आणि मावशीला ओढत अंगणात आणलं.

मावशीचे डोळे मिटलेले होते. गिरकी तिला हलवून हाका मारू लागली.

"रुग्णवाहिका कशाला? पाहुणे घाबरतील!" व्यवस्थापककाका पुटपुटले. पण दुर्बिणीनं काउंटरवरून केव्हाच फोन केला होता. ढब्बू मात्र कुठे दिसत नव्हता.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरीणबाईंनी मावशीच्या तोंडाला प्राणवायू लावला आणि वरच्या तिन्ही खोल्या रिकाम्या करायला लावल्या. आरडाओरडा ऐकून हॉटेलच्या मालकीणबाईही आल्या. "मला कुणी कळवलं कसं नाही?"

"तक्रारच नव्हती हो," व्यवस्थापककाका म्हणाले.

"खोटं!" ढब्बू पुढे आला आणि त्यानं सदऱ्याखालून वही काढली. "काका यातलं तक्रारींचं पान फाडायला निघाले होते. मी घेऊन पळालो!"

मालकीणबाईंनी पान वाचलं आणि त्या मटकन पायरीवर बसल्या. मग व्यवस्थापककाकांना म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका."

"अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर..." डॉक्टरीणबाईंनी वाक्य अर्धवटच सोडलं. "शाब्बास रे पोरांनो! मोठ्यांना सुचलं नाही ते तुम्ही केलंत."

गिरकी मावशीचा हात घट्ट धरून बसली होती.

तेवढ्यात मावशीनं डोळे उघडले. तिघांकडे पाहत ती क्षीण आवाजात म्हणाली, "घाबरताय कशाला, वेड्यांनो? या, जवळ या."

आणि मग तिघंही हमसाहमशी रडले.