दोन पाकोळ्यांचा युकाता

पुलावरून येणाऱ्या त्या माणसाच्या अंगावर मिनोया सराईचा युकाता होता, आणि तो माणूस मिनोयात उतरलेला नव्हता.

चिझुरू जागीच थांबली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तोफूचं भांडं. पाऊस म्हणण्याइतका पाऊस नव्हता, नुसती भुरभुर होती. खाली नदीच्या काठाकाठानं गरम झऱ्यांची वाफ वर चढत होती, आणि त्या वाफेतून तो आरामात खडावा वाजवत येत होता.

ससायूत असं होत नाही. इथल्या प्रत्येक सराईचा, पाहुण्यांना घालायला दिलेला सैल सुती युकाता वेगळा. गावातल्या स्नानघरांकडे निघालेला पाहुणा वाट चुकला, तर कुणीही त्याच्या कपड्यांकडे बघून त्याला त्याच्या दारापर्यंत पोचवतं. पांढऱ्यावर निळ्या दोन पाकोळ्या म्हणजे मिनोया. आणि मिनोयात त्या दिवशी पाहुणे होते ते म्हणजे कोबेहून आलेल्या तीन आजीबाई. त्या तिघी या क्षणी गाद्यांवर पडून घोरत होत्या.

"अहो... थांबा जरा!"

"मी?"

"तुम्हीच. हा युकाता कुठून आणलात?"

त्यानं मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. जणू कपडे दुसऱ्याच कुणी चढवले होते. "हा? हा... अंगावर होता."

"जन्मापासून?"

"जन्मापासून असता तर एव्हाना तोकडा झाला असता."

चिझुरूला हसू आलं, ते तिनं गिळलं. "मी मिनोयाची मुलगी आहे," ती म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. दोन्ही हात त्यानं घाईनं बाह्यांमध्ये ओढून घेतले. "असं होय... मला जरा उशीर होतोय." आणि खट-खट-खट करत तो पूल उतरून निघूनही गेला.

चोर असता तर इतका देखणा पळाला नसता, असं चिझुरूच्या मनात आलं. मग स्वतःचाच राग आला.

तिच्या संशयाला कारण होतं. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलवाल्यानं गेल्या वर्षी नदीकाठच्या दोन सराया विकत घेतल्या होत्या. आधी एक गोडबोल्या माणूस यायचा. सगळ्या कुंडांत हात घालून बघायचा, पाण्याची चौकशी करायचा. मग कागद यायचे, आणि मग एके सकाळी दारावरची जुनी पाटी उतरलेली दिसायची. इकडे तिचे वडील गेन्झो हल्ली फोन आला की तो घेऊन परसात जात. ती मागोमाग गेली की म्हणत, "बरं बरं, नंतर बोलू," आणि मग झाडावरच्या पर्सिमनच्या फळांकडे बघत उभे राहत.

आई गेल्यापासून हे सराईचं घर बापलेकीनं मिळून चालवलं होतं. चिझुरूनं त्यासाठी शहरातली नोकरी सोडली होती. आणि आता बाबा तिला न विचारता... पुढचा विचार ती करत नसे.

थोरल्या स्नानघराच्या दारात बसणाऱ्या फुसाए मावशीला गावातलं सगळं कळतं. चिझुरूनं तिला गाठलं.

"तो होय! अगं, रोज येतो," मावशी म्हणाली. "न्हातो, आणि अंग न पुसताच युकाता चढवतो. वर बाही कुंडात बुडवून पिळतो आणि खिडकीशी धरून बघत बसतो. आमच्या नवऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं."

"पाण्याची परीक्षा करतोय."

"नाहीतर काय! पण मुलगा गोड आहे हो. जाताना मला वाकून नमस्कार करतो."

"गोडच असतात ते, मावशी."

"मग तू कशाला लाल झालीस?"

"वाफेनं," चिझुरू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती अंड्यांची जाळी घेऊन उकळत्या झऱ्यावर गेली. तिथं तो आधीच काठाच्या दगडावर बसलेला. आज अंगात साधा स्वेटर होता, आणि त्या पाकोळ्यांचा युकाता शेजारी वेळूच्या दांडीवर, ऐन वाफेत टांगलेला.

"माझ्यावर पाळत ठेवताय?" त्यानं विचारलं.

"अंडी उकडतेय."

"तुमच्याकडे चूल नाही?"

"आमच्या घरावर तुमचा डोळा नाही असं सांगा. मग घरी उकडते."

तो गंभीर झाला. "तुमच्या घरावर माझा डोळा नाही."

"मग कशावर आहे?"

तिनं हे तडकून विचारलं होतं. पण त्यानं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला... जरा जास्तच वेळ. मग घाईनं पाण्याकडे वळून म्हणाला, "अंडी... झाली वाटतं."

ती झालीच होती. तिनं एक त्याच्या पुढ्यात ठेवलं. शत्रूला का होईना, झऱ्यावरचं अंडं एकट्यानं खायचं नसतं. त्यानं ते उचललं, "आई गं!" करून टाकलं, पुन्हा उचललं, या हातातून त्या हातात नाचवत राहिला. चिझुरू खळखळून हसली. आणि हसता हसता तिची नजर त्याच्या बोटांवर गेली.

नखं निळी होती. सगळीच्या सगळी, मुळापर्यंत.

शाई! किती कागदांवर सह्या करत असेल हा माणूस!

"तुमचं नाव?" तिनं हसू आवरून विचारलं.

"नाओताका. हे खरं आहे."

"म्हणजे बाकीचं खोटं?"

"बाकीचं अजून सांगितलंच नाही," तो म्हणाला. "सांगता येत नाही. शब्द दिलाय."

"कुणाला?"

त्यानं नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यात असं काही दुःख होतं की चिझुरूला क्षणभर वाटलं, विश्वास ठेवावा. जाळी उचलून ती वाटेला लागली, तरी ते तिच्या मनातून जाईना. विश्वास ठेवला आणि पाटी उतरली तर?

शब्द कुणाला दिला होता, ते त्याच दुपारी कळलं. कोबेच्या आजीबाई न्हायला गेल्या होत्या, घर शांत होतं. चिझुरू माडीवर गाद्या उचलत होती. खिडकीतून तिला दिसलं, तो मागच्या दारानं आला. आणि दार उघडलं ते बाबांनी. इकडे तिकडे बघून, चोरासारखं.

गाद्या तशाच टाकून ती खाली धावली. आतल्या खोलीचं कागदी दार तिनं इतक्या जोरात सारलं की ते खाचेतून निघालं.

"विकलंत?"

गेन्झोंच्या मांडीवर तो युकाता उलगडलेला होता. समोर चहा. नाओताका अर्धवट उठून उभा राहिलेला.

"काय विकलं?" बाबांनी विचारलं.

"घर! मला न सांगता! आणि अजून सौदा झाला नाही तोच हे आपल्या पाकोळ्या घालून गावभर..." तिनं त्या युकात्याकडे बोट केलं.

गेन्झोंनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या मुलाकडे. "तू हिला काही सांगितलं नाहीस?"

"तुम्हीच नको म्हणाला होतात," नाओताका म्हणाला.

"अरे, पण इतकं गप्प राहायचं?"

मग त्यांनी सांगितलं, अडखळत, युकात्याची घडी घालत-मोडत. घाटापलीकडचे म्हातारे रंगारी मिनोयाचे युकाते रंगवायचे. त्यांची दृष्टी गेली. हा त्यांचा शिष्य. सराईतले जुने युकाते विरले होते, आणि नव्या कापडावरची नीळ ससायूच्या पाण्यानं उंदरासारखी राखाडी पडत होती. तीनदा पडली. म्हणून बाबांनी त्याला नमुना अंगावर घालून, गावातल्या सगळ्या पाण्यांत भिजवून बघायला सांगितलं होतं. कुणाला न कळता. परसातले फोनही त्याचेच.

"हॉटेलचा माणूस आला होता, वसंतात," ते म्हणाले. "चहा पाजला आणि वाटेला लावला. घर विकणारा माणूस चाळीस युकाते कशाला रंगवून घेईल, चिझुरू?"

ती खाली बसली. "मग मला का नाही सांगितलंत?"

"तू म्हणाली असतीस, आधी गळकं छप्पर नीट करा."

"आधी छप्परच करायला हवं!"

"बघ," गेन्झो त्या मुलाला म्हणाले. "तुला काय सांगत होतो?"

मग ते उठले. "चहा बघतो," म्हणाले. भरलेली किटली समोरच होती. तरी ते गेले, आणि खाचेतून निघालेलं दार उचलून हलकेच बसवूनही गेले.

खोलीत फक्त पागोळ्यांचा आवाज उरला.

"म्हणजे ती शाई नव्हती," चिझुरू पुटपुटली.

"कुठली शाई?"

"काही नाही." तिनं नजर वर केली नाही. "पण एक सांगा. पुलावर हसलात. झऱ्यापाशी माझ्याकडे बघत बसलात. तीही कामातली परीक्षाच?"

"ते तुमच्या बाबांनी सांगितलं नव्हतं," नाओताका म्हणाला. "ते... माझं मी केलं."

त्यानं चहाचा पेला उचलून न पिताच पुन्हा खाली ठेवला.

"आता काम झालं," शेवटी तो म्हणाला. "नीळ टिकली. उद्या सकाळच्या बसनं निघेन. गठ्ठा हिवाळ्याआधी येईल."

"तुम्ही घेऊन?"

"ट्रकनं येईल. कापडाबरोबर माणूस लागत नाही."

चिझुरू उठली. युकाता घेऊन खिडकीशी गेली आणि बाही उजेडात धरली. निळा रंग गच्च होता, पाकोळीच्या पंखाची कडसुद्धा कुठं धूसर नव्हती. तिनं ती बाही उलटसुलट करून पाहिली.

"उतरलाय," ती म्हणाली.

"कुठं?" तो धडपडत उठला.

"इथं. या शेपटीपाशी."

तो जवळ आला. वाकला. त्याच्या केसांना झऱ्याच्या गंधकाचा वास येत होता. पंधराव्या वर्षापासून निळीत हात घालणाऱ्या त्या माणसानं ती शेपटी नीट पाहिली, मग तिच्या बोटांकडे पाहिलं... ती बाही सोडायला तयार नव्हती.

"हो," तो हळूच म्हणाला. "बराच उतरलाय."

"मग?"

"परत रंगवावं लागेल. परत येऊन अंगावर घालून बघावं लागेल. सगळी कुंडं, पहिल्यापासून."

"खोटं बोलताय तुम्ही."

"सुरुवात कुणी केली?"

चिझुरूनं बाही सोडून दिली. दोन दिवस या माणसाचा एकेक शब्द तिनं खोटा धरला होता, आणि आता स्वतःच... तिनं एक मोठा श्वास घेतला.

"रंग चांगला आहे, नाओताका-सान," ती म्हणाली. "त्याला काही झालेलं नाही. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. एवढंच."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग डोळे बारीक करून त्यानं विचारलं, "हे तरी खरं ना?"

"आता तुम्ही संशय घेणार?"

"एकदा विचारून घेतलेलं बरं."

"खरं आहे," चिझुरू म्हणाली. "दहादा विचारलंत तरी खरंच आहे."

"मग विचारतो," तो म्हणाला, आणि खिडकीशी तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "दहादा. उद्याची बस गेल्यावर."