भोरणगडची कारवानी जोडी

पूर्वेच्या डोंगररांगेवर तांबडे फुटत होते आणि भोरणगडाच्या कातळावर पहाटेचा गारठा अजून दबा धरून बसला होता. खाली पायथ्याच्या पेठेपासून नदीच्या वाकणापर्यंत बादशाही फौजेच्या राहुट्या पसरल्या होत्या. वेढ्याला पाचवा महिना लागला होता. गडाच्या पश्चिमेला मात्र तुटलेले कडे आणि त्यांच्या पायाशी उघडा, खडकाळ माळ होता, जिथे गनिमाला तळ टाकायला ना पाणी होते ना सावली. त्या अंगाच्या चोरदिंडीलगत गडाचा शिकारखाना होता, आणि शिकारखान्याच्या अंगणात हैबती गडदे पाच मेलेल्या कुत्र्यांच्या मधोमध उभा होता.

ती साधी कुत्री नव्हती. घोड्यांच्या सौदागरांच्या काफिल्याबरोबर दक्षिणेत उतरलेली ती कारवानी जात होती. माणसाच्या कमरेला लागतील एवढी उंच, लांब निमुळत्या तोंडाची, फासळ्या मोजता येतील अशी सडसडीत, आणि नजरेच्या टप्प्यात आलेल्या चिंकाऱ्याला वाऱ्यागत गाठणारी. किल्लेदार हणगोजीराव निंबोरे यांनी ती पिले असताना विकत घेतली आणि धनगरवाड्यातून हैबतीला बोलावून त्याच्या ओटीत घातली, त्याला सात वर्षे झाली होती. हैबती तापट म्हणून साऱ्या गडावर ठाऊक होता. चुलत्याशी भांडून त्याने वाडा सोडला होता, आणि बायकोही त्याच्याशी बेतानेच बोले. पण आवाज चढवला की ही जात दोन दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही, हे कळल्यापासून शिकारखान्याच्या फाटकाच्या आत त्याने कधी मोठ्याने शब्द काढला नव्हता. अंगावर मांस नसलेल्या त्या जनावरांच्या कोपरांना कातळ लागू नये म्हणून तो गवताच्या जाड गाद्या घाली, थंडीत झुली चढवी, आणि रोज पहाटे त्यांना पाळीपाळीने दिंडीतून माळावर नेई. वेढा पडल्यापासून गडावरच्या जखमींना मांस मिळे ते या कुत्र्यांनी धरलेल्या सशांचे.

आता पाच जणांच्या माना मागे वळून धनुष्यासारख्या ताठ झाल्या होत्या. धनगराच्या पोराला ती खूण कोणी सांगावी लागत नाही. काजऱ्याचे विषारी बी पोटात गेले होते.

बाण आणि सावळी ही जोडी तेवढी कोपऱ्यात थरथरत उभी होती. आज पळण्याची पाळी त्यांची होती, आणि पहाटे धावायच्या कुत्र्याला आदल्या सांजेला खाऊ घालायचे नाही, हा हैबतीचा नेम होता. त्या नेमानेच ती वाचली होती.

काल सांजेला सरनोबतांचा खिजमतगार भिकाजी कोळसे रश्श्याची कासंडी घेऊन आला होता. "सरनोबतांनी मुद्दाम धाडलाय, कुत्र्यांसाठी," असे म्हणाला होता, आणि हैबतीने आपल्या हाताने तो भाकरीवर ओतला होता. त्याच्याही आदल्या दिवशी काय झाले ते आठवताच हैबतीच्या कानशिलात रक्त उसळले. माळापलीकडच्या ओढ्यात त्याला परक्या घोड्याच्या टापा दिसल्या होत्या, धुक्यातून पळणारा एक माणूस दिसला होता, आणि ते त्याने इमानाने सरनोबतांच्याच कानी घातले होते. वर म्हणाला होता, पुन्हा दिसला तर जोडी सोडतो त्याच्यावर.

"मीच सांगितलं," तो मेलेल्या कुत्र्यांकडे बघत पुटपुटला. "माझ्याच तोंडानं."

सदरेवर किल्लेदार लोडाला टेकून बसले होते. साठी उलटलेला, वेढ्याने खंगलेला म्हातारा. उजव्या हाताला सरनोबत जगदेवराव खराटे उभे होते. गडाचा चौकी-पहारा त्यांच्या हाती होता, आणि पहिल्याच महिन्यात तटावर खांद्यात तीर घेऊनही ते जागचे हलले नव्हते म्हणून सारा गड त्यांना मानत होता. हैबतीने मुजरा केला आणि मनातले सारे ओकून टाकले. टापा, माणूस, रस्सा, काजरा. त्याने काही मागे ठेवले नाही.

सरनोबत शांतपणे म्हणाले, "आबासाहेब, तोच रस्सा माझ्या शिपायांनीही ओरपला, ते पहाऱ्यावर ठणठणीत आहेत. हाडे नासकी असतील. शोक अनावर झाला की माणसाचा तोल जातो, याच्या बोलण्याचा आम्ही विषाद मानत नाही. पण गडावर माणसांच्या तोंडी दाणा पुरेना, तिथे कुत्र्यांचे लाड किती दिवस करायचे? उरलेली दोनही आजच मारावीत, ही माझी अर्जी आहे."

"ती कुत्रीच तुमच्या जखमींना खाऊ घालतात!" हैबती म्हणाला. "अन् ज्यांना ती माळावर नको आहेत, त्यांनीच..."

"हैबती," किल्लेदारांनी हात वर केला. "जगदेवरावांनी या गडासाठी रक्त सांडले आहे. तुझ्याजवळ पुरावा आहे?"

हैबतीने रिकामे हात पुढे केले.

"मग सूर्यास्ताच्या आत हुकूम बजावला जावा."

धनी आपल्याकडे न बघता बोलतात हे हैबतीने पाहिले, आणि सरनोबतापेक्षाही त्याला त्या क्षणी म्हाताऱ्याचा अधिक संताप आला. पण तो संताप त्याने दातांखाली धरला. "हुकूम शिरसावंद्य," तो म्हणाला. "एवढीच याचना आहे, दुसऱ्या कुणाचा हात त्यांना लागू नये. मी माळावर नेतो, माझ्या हातानं करतो. परतायला उशीर होईल, तर खालच्या मेटाच्या चौकीत मुक्काम करीन."

सरनोबतांनीच मान हलवून रुकार दिला.

उन्हे कलल्यावर हैबती जोडी घेऊन दिंडीतून उतरला, आणि माळाच्या कडेच्या करवंदीच्या जाळीत शिरला. तिथून हलला नाही. घोंगडी त्याने दोघांवर पांघरली आणि स्वतः उघड्या अंगाने बसून राहिला. कुत्री मेली असे समजून गनिमाकडे जाणारा माणूस निर्धास्त निघेल, एवढाच त्याचा हिशेब होता. चुकला असता, तर हुकूम मोडल्याबद्दल त्याचे मस्तक जाणार होते.

दिशा उजळल्या तेव्हा दिंडी किलकिली झाली. भिकाजी बाहेर आला, मागे पुढे पाहून ओढ्याच्या रोखाने पळू लागला. ओढ्यात एक बादशाही स्वार घोडा धरून उभा होता. हैबतीने जोडीच्या गळ्यातला पट्टा सोडला.

कारवानी कुत्रे धावताना भुंकत नाही. भिकाजीला चाहूल लागली ती पाठीवर धडक बसली तेव्हाच. तो तोंडावर आपटला, उलटला, कट्यार उपसून त्याने बाणच्या बरगड्यांत खुपसली. सावळीने त्याची बाही धरली ती सोडली नाही. ते पाहून स्वाराने घोडा घातला, आणि बरची घेऊन धावत येणाऱ्या हैबतीला कळले की आपण आधी पोहोचत नाही. त्याने बरची टाकून कमरेची गोफण सोडली. पहिला धोंडा हुकला. दुसरा घोड्याच्या कपाळावर बसला. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, खाली येताना त्याची टाप सावळीच्या पायावर पडली. तोवर मेटावरचे रामोशी आरोळ्या देत निघाले होते. स्वाराने लगाम फिरवला आणि तो ओढ्यापार झाला.

सावळीने अजूनही बाही सोडली नव्हती. हैबतीने भिकाजीच्या छातीवर गुडघा रोवला आणि त्याचीच कट्यार त्याच्या गळ्याला लावली. हात पुढे रेटायला आसुसला होता. जवळच बाण तोंड उघडे टाकून पडला होता, त्याचे पोट हलत नव्हते.

"मारू नका, हैबतीदादा," भिकाजी रडत म्हणाला. "मी हुकमाचा ताबेदार."

"मेलास तर बोलणार कोण?" हैबतीने त्याचे पागोटे ओढले. घडीत शिवलेला लखोटा हाताला लागला. मग त्याने बाणकडे बोट केले. "उचल त्याला."

"काय?"

"खांद्यावर घे. गडावर न्यायचा आहे. खाली ठेवलास तर तिथंच संपवीन."

अशा रीतीने, दोन रामोश्यांच्या पहाऱ्यात, रक्ताने अंगरखा माखलेला भिकाजी ते थोराड जनावर खांद्यावर घेऊन भोरणगडाच्या पायऱ्या चढला, आणि त्याच्यामागून मोडक्या पायाच्या सावळीला उराशी धरून हैबती. वाटेवरचे लोक बाजूला होत गेले.

सदरेवर किल्लेदारांनी लखोटा फोडला. अमावास्येला चोरदिंडी उघडी मिळेल, त्या बदल्यात गडाची किल्लेदारी मिळावी, असा मजकूर होता. म्हाताऱ्याने कागद दोनदा वाचला.

"एका कुत्रेवाल्याच्या शब्दावर आपण..." सरनोबत बोलू लागले.

"त्याचा शब्द काल होता, जगदेवराव, तो आम्ही मानला नाही. आज हा तुमचा आहे, तुमच्या अक्षरात." किल्लेदारांनी कागद त्यांच्यापुढे धरला. "यांच्या पायात बेड्या घाला."

सरनोबतांना नेल्यावर किल्लेदारांनी आपल्या मनगटातले सोन्याचे कडे काढून पुढे धरले. हैबतीने हात पुढे केला नाही.

"हे नको, धनी. माझी सहा कुत्री पुरायची आहेत अन् जमीन कातळाची आहे. काल आपण माझ्याकडं न बघता हुकूम दिलात. आज येऊन पहिली पहार आपण मारावी."

गडाचे कारखानीस त्याला दटावायला पुढे सरसावले, पण किल्लेदारांनी त्यांना थोपवले. त्यांनी जोडे काढले, आणि अनवाणी शिकारखान्यापर्यंत चालत गेले. दोन घावांतच त्यांच्या तळहाताला फोड आला. तरी खड्डा गुडघ्याइतका होईस्तोवर त्यांनी पहार दुसऱ्याच्या हाती दिली नाही. हैबती शेजारी उभा होता. त्याने आभार मानले नाहीत, आणि त्याचा राग तसूभरही उतरला नाही.

जीवदानाच्या बोलीवर भिकाजीने, रामोश्यांच्या हातून निसटलो असे सांगत, तोच लखोटा पुन्हा बंद करून गनिमाकडे पोहोचवला. अमावास्येला दिंडी मुद्दाम उघडी ठेवली, आणि तिच्यातून आत शिरलेली बादशाही तुकडी गडकऱ्यांनी पुरती कापली. सरनोबतांचा कडेलोट झाला. पावसाळा तोंडावर येताच वेढा उठला. किल्लेदारांनी काफिल्यांकडे नवी पिले मागितली, तेव्हा हैबतीने निरोप धाडला की सांभाळणारा दुसरा पाहावा, आणि सावळीला घेऊन तो धनगरवाड्यात परत गेला.

सावळीचा पाय आखूडच जुळला. ती पुन्हा कधी धावली नाही. तिच्यासाठी तो रोज दुधात भाकरी कुस्करी, सांध्यांना तेल चोळी, आणि तिच्या चालीने चालत तिला ओढ्यापर्यंत नेऊन आणी. जो पळत नाही तो शिकारी कुत्रा कशाला पोसायचा, असे कुणाच्या घरी बसला असता कोणी सहज विचारले, तर हैबती हातातला पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवी, उठे, आणि त्या घराची पायरी पुन्हा चढत नसे.