एकाखाली एक दोन पानं

"हा दवाखाना कधी उघडते हो?"

सकाळचे साडेनऊ वाजले होते. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीतून मी स्कूटी बाहेर काढत होते, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या बंद शटरपाशी उभ्या असलेल्या एका तरुणानं मला थांबवलं. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याच्या मागे पायरीवर एक बाई बसल्या होत्या – उजवा पाय सरळ लांब केलेला, हात गुडघ्यावर. पाऊस भुरभुरत होता. त्यानं छत्री सगळीच्या सगळी त्यांच्यावर धरली होती, आणि स्वतः भिजत होता.

"इथं? आता नाही उघडत," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली. दवाखाना धंतोलीत गेला."

"कसा गेला? इथं तर साफ लिहिलं आहे, पाहा ना." त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "सात वाजतापासून बसून राहिलो आम्ही. आर्वीहून आलो, पहाटेच्या एस.टी.नं."

मी स्क्रीनकडे पाहिलं. 'नागपुरात गुडघेदुखीवर उपचार.' खाली जुना पत्ता, बंद पडलेला फोन नंबर... दवाखान्याच्या वेबसाइटचं ते पान मीच लिहिलं होतं. चार वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात.

"ज्यानं कोणं हे लिहिलं," तो म्हणाला, "त्याले आणून या पायरीवर बसवा लागते. तेही गुडघा सुजवून."

"हो... म्हणजे... बरोबर आहे तुमचं." मी घाईघाईनं हात करून ऑटो थांबवला. "चला, मीही तिकडेच जाते. मी स्कूटीवर पुढे राहते, तुम्ही मागे या."

मी कोण, हे सांगायचं धाडस काही झालं नाही.

पण धंतोलीत पोचल्यावर रिसेप्शनवरच्या रीनानं दोन मिनिटांत माझं बिंग फोडलं. "अगं बाई, पुन्हा जुना पत्ता? बरं झालं देवकी मॅडम, तुमची वेबसाइट, आता तुम्हीच पेशंट आणत जा!"

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो माझ्याकडेच पाहत होता. रागानं नाही – ओठांच्या कोपऱ्यात हसू अडवून.

"मंग," तो हळूच म्हणाला, "पायरीवर कधी बसता?"

"आज बसू?"

"नको. पाऊस आहे."

त्याचं नाव रजत. आर्वीत त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. शेतातला पंप जळला की लोक त्याच्याकडे आणत. त्याच्या आईचं नाव शोभाताई. त्यांचा गुडघा पार झिजला होता. तो बदलायचं ठरलं, आणि दोन दिवसांनंतरची तारीख मिळाली.

त्याच दुपारी डॉक्टर कृष्णकांत सरांनी मला आत बोलावलं. ते ओरडत नाहीत, चष्मा काढून ठेवतात. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"देवकी, या महिन्यातली ही तिसरी पेशंट. दुखरा पाय घेऊन कुणी बंद दाराशी बसावं, हे मला चालणार नाही. एक महिना देतो. नाही जमलं तर पुण्याची एक कंपनी हे काम बघेल. मी बोललोय त्यांच्याशी."

गूगलचा काही दोष नव्हता, घोळ माझा होता. जितकी जास्त पानं तितकी जास्त जागा, असं मला वाटायचं. म्हणून मी सात पानं लिहिली होती. सातही गुडघेदुखीवर, सातांचं शीर्षक जवळजवळ तेच. मग गूगल त्यातलं एकच उचलून दाखवायचं – सगळ्यांत जुनं, सगळ्यांत चुकीचं. बाकीची सहा कुणाला दिसतच नव्हती. आणि नवी काय लिहावीत, ते मला सुचत नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन वॉर्डात गेले.

"रजत, एक विचारू? आम्हाला शोधताना तुम्ही काय काय टाइप केलं होतं?"

तो जरा संकोचला. मग त्यानं फोनच माझ्या हातात दिला. "पाहा. पण... हसू नका."

मी वाचत गेले. 'आईचा गुडघा सुजला काय करावं.' 'गुडघा बदलल्यावर जिना चढता येते का.' 'ऑपरेशननंतर किती दिवस रहा लागते.' 'धंतोलीत पेशंटच्या नातेवाइकाची रहाची सोय.' आणि शेवटी – 'आई ऑपरेशनले भिते तिले कसं समजवू.'

हसू कसलं... शेवटची ओळ मी पुन्हा एकदा वाचली.

"याचं उत्तर मिळालं?"

"नाही ना. मंग मीच सांगितलं तिले – मोटरचं बेअरिंग खराब झालं तर मी बेअरिंग बदलतो, मोटर तीच राहते. डॉक्टरसाहेब तेच करून राहिले."

"अन् मले वाटलं," पलंगावरून शोभाताई म्हणाल्या, "हा पोट्टा मले पंप समजून राहिला!"

आम्ही तिघंही इतके हसलो की सिस्टर डोकावून गेली. आणि हसता हसता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माणसं सात वेळा एकच गोष्ट विचारत नव्हती. त्यांचे प्रश्नच वेगवेगळे होते. मी मात्र सगळ्यांना एकच उत्तर सात वेळा देत बसले होते.

आठवडाभर मी मान वर केली नाही. सारखी दिसणारी पानं एकत्र करून त्यांचं एकच चांगलं पान केलं. जुन्या पानावर कुणी बोट ठेवलं तर तो थेट नव्या पत्त्यावर पोचेल, अशी सोय केली. जिन्याचं वेगळं पान, मुक्कामाचं वेगळं, आणि एक अगदी नवं – 'आईला ऑपरेशनची भीती वाटते तेव्हा'. एका पानावरून दुसऱ्यावर जायला वाटा ठेवल्या.

तोवर ऑपरेशन नीट पार पडलं होतं. निघताना शोभाताईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. रजत नुसताच म्हणाला, "फोन करतो... वेबसाइटचं विचारायले."

आणि तो खरंच रोज करू लागला.

"आज दिसलं का हो?"

"नाही."

"जेवल्या का?"

"हो."

"मंग दिसन उद्या."

पण दिसेना. जुनं पान गेलं, नव्यांचा पत्ता नाही. दहा दिवस आमचा दवाखाना कुठल्या कुठे मागे जाऊन बसला. मला सरांच्या चष्म्याची धास्ती वाटायला लागली. महिना संपायला चार दिवस उरले होते, तेव्हा भरदुपारी त्याचा फोन आला.

"देवकी! दोन पानं आली! एकाखाली एक! वर जिन्याचं, खाली मुक्कामाचं!"

मी उडालेच, पण स्वतःला आवरलं. "तुमच्याच फोनवर दिसत असेल. तुम्ही रोज तेच उघडता ना... मग गूगल तुम्हाला आवडीचं वर दाखवतं."

"माह्या आवडीचं... ते त्याले बरोबर समजलं."

माझे कान तापले.

"थांबा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत माझ्या मोबाइलवर अकरा फोटो आले. दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोन मागून त्यानं 'नागपुरात गुडघ्याचं ऑपरेशन' शोधून पाहिलं होतं. कुणाच्या फोनची काच तडकलेली, कुणाचा धुळीनं माखलेला, आणि प्रत्येक फोटोच्या कडेला वार्निशनं काळा झालेला त्याचा अंगठा. अकरांपैकी नऊ फोनांवर आमची दोन पानं, एकाखाली एक. एकावर तर तीन!

मी फोटो सरांपुढे ठेवले. त्यांनी एकेक निरखून पाहिला, मग म्हणाले, "पुण्याला नको म्हणून कळवतो. आणि हा अंगठा कुणाचा?"

मी बाहेरच पळाले. पार्किंगमध्ये स्कूटीवर बसले आणि रडले की हसले, कोण जाणे. महिनाभर छातीवर बसलेला दगड मात्र उतरला होता.

दीड महिन्यानं ते दोघं तपासणीला आले. आत सर शोभाताईंना चालवून पाहत होते. बाहेर चहाच्या टपरीपाशी आम्ही दोघं, कप हातात.

"आता तर रोज फोन करायचं कारण नाही उरलं," शेवटी मीच म्हटलं.

"तेच तर." त्यानं कप टपरीच्या फळीवर ठेवला. "देवकी, मले गोल-गोल बोलता येत नाही. मले तुमच्याशी लग्न करायचं आहे. तुम्ही नाही म्हटलं तरी चालन... म्हणजे, चालणार नाही. पण मी समजून घेईन."

मी त्याच्याकडे पाहिलं. कानामागून घामाची धार उतरत होती.

"रजत, तुमच्याशी नाही," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला.

"तुझ्याशी म्हण."

त्यानं इतका मोठा श्वास सोडला की चहावाल्यानं वर पाहिलं.

"झालं का वं बोलून?" मागून आवाज आला. शोभाताई दवाखान्याच्या फाटकाशी उभ्या होत्या. "कवाची थांबून राहिली मी."

"अगं बाई! काकू, बसा ना," मी लाजून स्टूल पुढे सरकवलं.

"बसू कायले? आता उभं राहता येते मले," त्या म्हणाल्या, आणि चालत आमच्याकडे आल्या.