मैना कलिंगड वाजवायची

हे खरं घडलेलं आहे. ज्याला पटणार नाही त्यानं इथंच थांबावं. बिबवेवाडीत ती खोली अजून आहे, आणि हिंदुरावही आहे.

असलं काही रात्रीच घडतं असं आपण धरून चालतो.

हे भर दुपारी घडलं. दोन वर्षांमागच्या चैत्रात, बाहेर ऊन रणरणत असताना.

हिंदुराव अंधारात उठून मार्केट यार्डात कलिंगडं घ्यायचा आणि बाहेर रस्त्याकडेला ढीग लावून विकायचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ढिगावर लक्ष ठेवायला शेजारच्याला सांगून घरी येऊन पडायचा.

पूर्वी ढिगावर त्याची बायको बसायची. मैना. तिचा बाप नदीकाठी कलिंगडं लावायचा, त्यामुळे तिचं लहानपण वेलांतच गेलेलं. ती फळ मांडीवर घ्यायची आणि मधल्या बोटानं वाजवायची. टक टक. मग फिरवून दुसऱ्या बाजूनं, टक टक. शेवटी त्यावरून तळवा फिरवायची. चांगलं असलं तर गिऱ्हाइकाला द्यायची. आतून बिघडलेलं असलं तर काही न बोलता हिंदुरावाकडे सरकवायची. त्यानं ते बाजूला ठेवायचं, असा त्यांचा रिवाजच होता.

नारायण पेठेतले दीनानाथकाका नेमानं यायचे आणि नेमानं खोचक बोलायचे. एकदा म्हणाले, "लाल निघेल ना? की आमचं तोंड बघून पांढरं द्याल?"

"तोंड बघून दिलं असतं तर कडू दिलं असतं, काका. हे घ्या, गोड हाय."

काका हे पेठेत सगळ्यांना सांगत फिरले.

मैना काविळीनं गेली. मुलगी श्यामला तेव्हा पाळण्यात होती.

ती आता दोन वर्षांची झाली होती. थंडीत तिला खोकला लागला तो गेलाच नाही. डॉक्टर आधी कफ म्हणाले, मग न्यूमोनिया म्हणाले. औषधानं ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. शेवटी त्यांनी छातीचा फोटो काढून आणा असं सांगितलं. हिंदुरावाची आई, आनंदीबाई, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून पोरीला शेकत बसायची. हिंदुराव देवाला एकच मागायचा. बायको नेलीस, पोर राहू दे.

त्या दुपारी श्यामला खिडकीखाली गोधडीवर झोपली होती. हिंदुराव दारापाशी आडवा झाला होता, वाऱ्याला. आनंदीबाई नळावर गेली होती.

त्याचा डोळा लागत होता, आणि...

टक टक.

कोपऱ्यात दोन कलिंगडं होती. पण कलिंगड आपणहून वाजत नाही.

टक टक...

पहिले दोन ठोके पोकळ होते, स्वच्छ. दुसरे दोन वेगळे होते. भद्द. ओल्या मातीवर बोट मारावं तसे.

मग तळवा फिरवल्याचा आवाज आला. हलका, कोरडा.

हिंदुरावानं डोळे उघडले. खोलीत कुणी नव्हतं.

आणि खिडकीखाली श्यामलाही नव्हती.

ती त्याच्या हाताशी होती. गाढ झोपलेली. झबलं गळ्यापर्यंत वर गेलेलं.

झोपेत लोळत आली असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. पण पोर लोळत आली तर गोधडी कशी आली? तीही तिच्याखाली होती. एकही चुणी न पडलेली.

दुसऱ्या दिवशी आनंदीबाई घरात होती. लसूण सोलत बसलेली. हिंदुराव दारापाशी पडलेला.

टक टक...

तिचा हात थांबला. सुनेचं बोट तिला ओळखू येत होतं. तिनं मान वर केली. खिडकीखालची गोधडी हलली. हळूहळू, फरशीला घासत, नातीला घेऊन सरकायला लागली.

दाराकडे.

आनंदीबाईनं झेप घालून पोरीला उचललं. नंतर कितीतरी वेळ ती एकच वाक्य बोलत होती. "लेकराला न्यायला आलीय ती."

धनकवडीहून बाधा उतरवणाऱ्या सोनबामामाला बोलावलं. मामानं सगळं ऐकून घेतलं. खिडकीपासून दारापर्यंत दोनदा नजर फिरवली. म्हणाला, एक दिवस पोर उंबऱ्याबाहेर गेलं की गेलं. मैनेच्या वस्तू घरात आहेत म्हणून ती येते. तिचं तिला देऊन टाका आणि वाट बंद करा.

मैना असं करायची नाही, असं हिंदुराव पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

"जिती होती तवा नसंल केलं," मामा म्हणाला. "आता ती तुझी बायको न्हाई, हिंदू. पोर पायजे का बायको, ते सांग."

हिंदुरावानं श्यामलाकडे पाहिलं. ती आजीच्या खांद्यावर खोकत होती.

"पोर," तो म्हणाला.

अवसेला दिवस मावळताना तो कालव्यावर गेला. मैनेचं लग्नातलं लुगडं, बांगड्या, कुंकवाचा करंडा, आणि तिला आवडायचं म्हणून एक अख्खं कलिंगड. सगळं काठावर मांडलं. मामानं शिकवलेलं वाक्य बोलायला त्याला फार जड गेलं.

"मैना, परत येऊ नको."

मागं वळून बघायचं नाही, असं मामानं बजावलं होतं. तो थोडा चालला असेल, तेवढ्यात...

टक टक.

हिंदुरावाचे पाय जागच्या जागी थांबले. आता ती फळ फिरवेल. आता दुसरे दोन ठोके येतील.

तो थांबून राहिला.

ते आलेच नाहीत.

तो वळला नाही. घरी आला.

त्यानंतर घर शांत झालं. गोधडी जागची हलेना. योगायोग असा की त्याच आठवड्यात श्यामलाचा ताप उतरला. आनंदीबाईनं शेजाऱ्यांना गूळ वाटला. छातीच्या फोटोचं मागं पडलं. आजार बाहेरचा होता आणि तो गेला, असं सगळ्यांनीच धरलं.

वैशाख सरत आला तेव्हा एका सकाळी श्यामला दूध पिता पिता थांबली. तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

ओठ निळे पडले होते.

रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत हिंदुराव तिच्या नाकापुढं बोट धरून होता.

तिथं मंदाकिनीबाई म्हणून डॉक्टर होत्या. त्यांनी पोरीचं झबलं गळ्यापर्यंत वर केलं. डावा पंजा छातीवर ठेवला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटानं त्यावर ठोकलं.

टक टक.

पोकळ, स्वच्छ.

मग उजव्या बाजूला.

भद्द.

हिंदुरावानं पोरीच्या छातीशी कान नेला. तो म्हणाला, "बाई, ते परत वाजवा."

त्यांनी पुन्हा वाजवलं. तोच आवाज.

फोटोत उजवी बाजू पांढरीफटक दिसली. पाणी असेल म्हणून सुई घातली, पाणी निघालं नाही. मग मोठं मशीन झालं, तुकडा काढून तपासायला गेला. फुफ्फुसातली गाठ. कर्करोगाची. एवढ्याशा पोराला असं कसं होईल, हे हिंदुराव विचारत होता. मंदाकिनीबाईंनी सांगितलं की फारच क्वचित होतं, त्यांनी स्वतः आजवर एकच पाहिली होती. सुरुवातीला न्यूमोनियासारखीच दिसते, म्हणून महिने निघून जातात.

"आधी आणली असती तर?"

बाई म्हणाल्या, "महिनाभर आधी आणली असतीत तर लहान असताना सापडली असती."

महिनाभर आधी.

त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यात बसल्यावर त्याला कळलं. गोधडी दाराकडे सरकत नव्हती. दारापाशी तो झोपलेला असायचा. मैना ढिगावर करायची तेच करत होती. वाजवून बघत होती, आणि बिघडलेलं त्याच्याकडे सरकवत होती.

आणि त्यानं तिला येऊ नको म्हणून सांगितलं.

गाठ काढली. सगळी निघाली की नाही हे छातीठोक सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढं कितीतरी महिने सुया. श्यामलाचे केस गेले, परत आले. ती वाचली. पण ही गाठ पुन्हा उगवू शकते, पहिली काही वर्षं डोळ्यांत तेल घालून बघा, असं बाईंनी बजावलं.

हिंदुराव कालव्यावर जाऊन आला. एकदा नाही, पुष्कळदा. मागं वळून बघितलं. ये म्हणाला, चुकलं म्हणाला. पाणी वाहत होतं, बाकी काही नाही. सोनबामामाला विचारलं, घालवलेलं माणूस परत कसं बोलवायचं? मामाला ते येत नव्हतं.

त्यानं स्वतः पोरीच्या छातीवर बोट वाजवून पाहिलं. त्याला दोन्ही बाजू सारख्याच वाटतात. कलिंगडाचंही त्याला कधी कळलं नव्हतं.

घरात आता काही आवाज येत नाही. आनंदीबाई म्हणते, बरंच आहे, म्हणजे पोर धड आहे.

तसंही असेल.

किंवा वाट बंद आहे म्हणून येत नसेल.

दुपारी तो श्यामलाला खिडकीखाली निजवतो. झबलं गळ्यापर्यंत वर करून ठेवतो. दारापाशी आडवा होतो, डोळे मिटतो, आणि ऐकत राहतो...

डोळे उघडतो तेव्हा गोधडी होती तिथंच असते.